कॉलेजात खेळणारा डिफेन्समन प्रो व्हायला तयार आहे हे ओळखायचं कसं?

निळी_रेघ (धागाकर्ता)

आधीच सांगून टाकतो, धागा बर्फावरच्या हॉकीचा आहे, नंतर कोणी पेनल्टी कॉर्नर विचारायला येऊ नये.

तर झालंय असं की आमच्या एनएचएल (उत्तर अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग) टीमनं दोन वर्षांपूर्वी ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीच्या, दुसऱ्या राउंडमधे घेतलेला एक डिफेन्समन आहे. नाव लिहीत नाही, पोरगं वीस वर्षांचं आहे आणि त्याच्याबद्दल आधीच इतकं काय काय लिहून येतंय, त्यात आपली भर नको. अमेरिकेत कॉलेज हॉकी खेळतो, दुसरं वर्ष. यंदा पॉइंट्सचा (गोल अधिक असिस्ट) नुसता पाऊस पाडलाय, पॉवरप्ले (समोरचा एक पेनल्टीवर बाहेर असतानाचा खेळ) तोच चालवतो, आणि आता कॉलेजचा सीझन संपत आला तसे चाहत्यांत दोन तट पडलेत. एक म्हणतो आत्ताच्या आत्ता साईन करा आणि एनएचएलच्या शेवटच्या आठवड्यात उतरवा, दुसरा म्हणतो अजून एक वर्ष कॉलेजात राहू दे, पी हळद आणि हो गोरी असं करू नका. मी दोघांचंही वाचतो आणि मला दोघांचंही पटतं, हा माझा जुना आजार आहे.

फॉरवर्डचं मला थोडंफार कळतं हो. डिफेन्समनचं अवघड जातं कारण तो चांगला खेळला तर दिसतच नाही आणि चुकला की गोलीच्या मागचा लाल दिवा लागतो. तर तुम्ही लोक नक्की काय बघता? उंची वजन, पॉइंट्स, की अजून काही? जरा सविस्तर लिहा, मला शनिवारची मॅच त्या नजरेनं बघायची आहे.

गोठलेला_बाजीराव

पहिला! आता पकपुराण काका येणार आणि २००८ चा ड्राफ्ट काढणार. घड्याळ लावून बसा.

पकपुराण

बाजीराव, नाव काढलंसच तर घे आता.

चेष्टा सोडा, पण या प्रश्नाला २००८ पेक्षा चांगला धडा नाही. त्या वर्षी पहिला नंबर स्टॅमकोसचा, तो फॉरवर्ड, त्याला सोडून द्या. दोन ते पाच सलग चार डिफेन्समन गेले, ड्रू डाउटी, झॅक बोगोसियन, अ‍ॅलेक्स पिएट्रँजेलो, ल्यूक शेन. डाउटी अठराव्या वर्षी थेट लॉस एंजेलिसमधे ८१ सामने खेळला, २०१० ला कॅनडाकडून ऑलिंपिक गोल्ड, मग २०१२ आणि २०१४ असे दोन स्टॅन्ली कप, २०१६ ला नॉरिस (सर्वोत्तम डिफेन्समनची ट्रॉफी). म्हणजे घाई केली असं म्हणायची सोयच नाही. शेनसुद्धा अठराव्या वर्षीच टोरांटोत, ७० सामने. अंगानं तयार, दणादण हिट मारायचा, लोक वेडे झाले होते त्याच्यासाठी. आणि मग वर्षानुवर्षं तो जागच्या जागीच राहिला, इकडून तिकडे ट्रेड होत गेला, २०१८-१९ मधे तर एएचएलमधे (एनएचएलच्या खालची लीग) खेळत होता.

पिएट्रँजेलोला सेंट लुईसनं पहिल्या वर्षी ८ सामने खेळवून कॅनडाच्या ज्युनिअर लीगला परत पाठवला. दुसऱ्या वर्षी ९ सामने, परत पाठवला! तेव्हा किती ओरडा झाला होता की पोराचा आत्मविश्वास मारताय म्हणून. तिसऱ्या वर्षी आला तो ४३ पॉइंट्स घेऊनच, आणि २०१९ ला त्याच टीमचा कॅप्टन म्हणून कप उचलला.

थांबा अजून आहे. बाराव्या नंबरचा टायलर मायर्स एक वर्ष ज्युनिअरला परत गेला आणि आल्या आल्या ४८ पॉइंट्स, काल्डर ट्रॉफी (सर्वोत्तम नवख्याची). पंधरावा एरिक कार्लसन स्वीडनमधे अजून एक वर्ष राहिला, मग ओटावात आला, तिथून काही दिवस बिंगहॅम्टनला एएचएलमधे जाऊन आला, २०१२ ला नॉरिस. अडतिसावा रोमन योसी, तो तर स्वित्झर्लंडमधे खेळत बसला होता, मग मिलवॉकीला एक एएचएल सीझन, २०२० ला नॉरिस.

एकाच खोलीत एकाच दिवशी निवडलेली पोरं ही. त्यामुळे 'किती वर्षं थांबवावं' याचं उत्तर वर्षांत देता येत नाही एवढंच मला त्या ड्राफ्टनं शिकवलं.

गोठलेला_बाजीराव

अकरा मिनिटं. रेकॉर्ड.

तिसरी_जोडी

पकपुराण यांना +१, पण मूळ प्रश्न राहिलाच की, बघायचं काय.

मी बिअर लीगमधे डिफेन्स खेळतो, वय विचारू नका. माझ्या अनुभवानं एकच जागा बघायची, आपल्या गोलच्या मागचा कोपरा. समोरच्या टीमनं पक आत टाकला की डिफेन्समनला उलटं वळून, अख्ख्या रिंककडे पाठ करून तो आणायला जावं लागतं, आणि मागून कोणीतरी शंभर किलोचा माणूस तुझ्या पाठीत घुसायला येत असतो. तेवढ्या दोन सेकंदांत तो काय करतो ते बघा. बाकी सगळं, तो ब्लू लाईनवरचा (प्रत्येक टीमच्या भागाच्या सीमेवरचा) नाच आणि टॉप शेल्फचे शॉट, ते नंतरचं.

नेमकं सांगायचं तर पकला हात लावायच्या आधी तो मान किती वेळा वळवतो ते मोजा. चांगला डी (डिफेन्समन) दोनदा बघतो. एकदा वळल्या वळल्या, एकदा पकच्या अगदी जवळ आल्यावर, कारण मधल्या वेळात फोरचेकरनं (पक हिसकवायला धावून येणाऱ्यानं) लेन बदललेली असते. जो एकदाच बघतो तो आधीच ठरवून टाकतो की मी पक इकडून काढणार, आणि मग तिकडे कोणी उभं असलं तरी तिकडूनच काढतो. कॉलेजात हे खपून जातं बरं का, कारण पोराचे पाय जलद असतात, पहिल्या फोरचेकरला हुलकावणी दिली की पुढे मोकळं मैदान. एनएचएलमधे पहिल्याला हुलकावणी दिली की दुसरा तिथेच उभा असतो आणि तिसऱ्यानं तुझ्या विंगरचं दार लावलेलं असतं. मग हाच पोरगा घाबरून रिंकभोवतीच्या काचेवर पक मारायला लागतो. तसं झालं की समजावं, याला अजून वेळ आहे.

अजून एक. हुलकावणी खांद्यानं देतो का पकनं देतो. पकनं देणारे मार खातात.

निळी_रेघ

हे मला खरंच माहीत नव्हतं. मी आजवर पक बघत होतो, माणूस नाही. शनिवारी वही घेऊन बसतो.

आकडेमोड

कोपरा वगैरे ठीक आहे पण डोळ्यांवर फार विसंबू नका राव, आपल्याला आवडतं तेच आपल्याला दिसतं. आधी त्याचे पॉइंट्स सोलून बघा. पॉवरप्लेवरचे बाजूला काढा. पाच विरुद्ध पाचमधे किती उरतात? त्यातले सेकंडरी असिस्ट (गोलआधीच्या पासच्याही आधीचा पास) काढले की किती? बऱ्याचदा आंब्यातून कोय तेवढी उरते.

मग बघा, एका गोलची आघाडी असताना शेवटच्या दोन मिनिटांत कोच त्याला बर्फावर ठेवतो का बेंचवर. कोचला पगार जिंकायचा मिळतो, तो कुणाच्या ड्राफ्ट नंबरची भीड ठेवत नाही. पेनल्टी किलवर (आपला एक माणूस कमी असताना) असतो का? आणि जोडीदार कोण आहे? एखादा चोवीस वर्षांचा सीनिअर शेजारी उभा राहून मागचं सगळं झाकत असेल तर हा पोरगा पुढे जाऊन मजा करणारच. जोडीदार जखमी होता ते सामने शोधा, मला तेच सगळ्यात आवडतात बघायला.

आणि सॅम्पल छोटं असतं हे विसरू नका. कॉलेजात सीझनला पस्तीस-चाळीस सामने, बहुतेक शुक्रवार-शनिवार. एएचएलमधे ७२, एनएचएलमधे ८२ (२०२६-२७ पासून ८४). आठवड्याला दोन सामने आणि मधे पाच दिवस जिम नि प्रॅक्टिस, हे आणि मंगळवारी एका शहरात, बुधवारी दुसऱ्या, शुक्रवारी तिसऱ्या, हे वेगळं जग आहे. म्हणून मी शनिवारचा तिसरा पिरिअड बघतो, पाय जड झाल्यावर त्याचा गॅप (समोरून येणाऱ्यापासूनचं अंतर) किती सुटतो ते. दमलेला डी मागे मागे सरकत जातो आणि ब्लू लाईन फुकटात देऊन टाकतो.

तिसरी_जोडी

@आकडेमोड शेवटचा मुद्दा डोळ्यांनीच बघितलात ना पण :)

आकडेमोड

हो, पण मोजलं. फरक आहे.

नवखा_प्रेक्षक

मला एक बाळबोध शंका आहे, हसू नका. साईन करून बघायचं, नाही जमलं तर परत कॉलेजात पाठवायचं, असं का करत नाहीत? वर पिएट्रँजेलोला तर दोनदा परत पाठवलं म्हणताय.

पकपुराण

नवखा, शंका बाळबोध नाही, सगळा घोळ तिथेच आहे.

पिएट्रँजेलो कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधून आला होता. तिथून घेतलेला पोरगा अठरा-एकोणीसचा असला तर एनएचएल टीम त्याला ९ सामने खेळवून परत पाठवू शकते आणि काँट्रॅक्टचं वर्ष पुढे सरकतं, दहावा सामना खेळला की वर्ष मोजलं जातं. पण त्यात पाचर अशी की परत पाठवायचं तर ज्युनिअरलाच, वीसच्या आत एएचएलला पाठवता येत नाही. म्हणजे ज्युनिअरमधे याच्या तोडीचं कोणी उरलेलं नाही, एनएचएलला हा पुरत नाही, आणि मधली पायरी बंद. झेन पारेखचं बघा, डिफेन्समन असून ज्युनिअरच्या एका सीझनला ३३ गोल, त्यानंतर परत पाठवून तिथे तो शिकणार काय होता? लीग आणि खेळाडूंच्या नव्या करारात २०२६-२७ पासून एका टीमला एक एकोणीस वर्षांचा पोरगा एएचएलला पाठवायची मुभा दिली आहे, एवढीच काय ती फट.

कॉलेजवाल्याचं उलटं. एनएचएल काँट्रॅक्टवर सही केली की कॉलेजचं दार बंद. मात्र खाली एएचएलला पाठवायला काही अडचण नाही. त्यामुळे कॉलेजच्या पोराबाबत घाईची किंमत वेगळी असते, परतीचं तिकीट नसतं पण मधली पायरी असते.

आता तर सगळीच सरमिसळ झाली आहे, २०२५ च्या ऑगस्टपासून ज्युनिअर खेळलेल्या पोरांनाही कॉलेजात खेळायला परवानगी आहे. आधी पंधरा-सोळाव्या वर्षी कुठला रस्ता ते ठरवावं लागायचं, आता ज्युनिअर संपवून एक-दोन वर्षं मोठ्या पोरांत कॉलेजात काढता येतात. डिफेन्समनसाठी हा बदल फार चांगला आहे असं माझं मत.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. वीस वर्षांच्या पोरानं एप्रिलमधे सही केली आणि एनएचएलचा एकच सामना खेळला तरी त्याच्या तीन वर्षांच्या पहिल्या काँट्रॅक्टमधलं एक वर्ष संपतं. एजंटला ते हवंच असतं, दुसरं मोठं काँट्रॅक्ट वर्षभर लवकर येतं. टीमसुद्धा कधीकधी तेवढ्यासाठी तयार होते, कारण पोरानं सही केलीच नाही आणि चार वर्षं कॉलेजात काढली तर तो मोकळा होऊन कुठेही जाऊ शकतो. २००८ चाच जस्टिन शुल्ट्झ तर कॉलेजात तीनच वर्षं काढून, सही न करता, अ‍ॅनाहाइमला हात हलवत ठेवून एडमंटनला गेला. (हो बाजीराव, परत २००८.) तर एप्रिलमधे 'अमुक तयार आहे' अशी बातमी आली की ती तयारीची असते का तारखेची, ते आधी तपासावं.

गोठलेला_बाजीराव

काका तुम्ही काहीही म्हणा, केल मकार शनिवारी कॉलेजची फायनल खेळला आणि सोमवारी स्टॅन्ली कपच्या प्लेऑफमधे उतरून गोल मारला. कुठली पायरी नि कुठलं काय. वाघाला कोणी पोहायला शिकवतं का?

पकपुराण

खरंय, १३ एप्रिल २०१९ ला फायनल हरला, १५ ला कॅलगरीविरुद्ध पहिल्याच सामन्यात गोल. पण तो २०१७ ला चौथ्या नंबरवर गेला होता रे. एवढा वरचा पोरगा अल्बर्टाच्या दुय्यम ज्युनिअर लीगमधून आलेला, त्यानंतर दोन पूर्ण वर्षं मॅसॅच्युसेट्सला कॉलेजात राहिला, दुसऱ्या वर्षी होबी बेकर (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी) जिंकली, म्हणजे कॉलेजात सिद्ध करायचं काही उरलंच नाही आणि मग निघाला. तू शेवटचे दोन दिवस बघतोयस, मी आधीची दोन वर्षं बघतोय.

लेन हटसनचंही तेच. २०२२ ला ६२ वा, सगळे म्हणाले लहानखुरा आहे, चिरडला जाईल. दोन वर्षं बॉस्टनला कॉलेज, २०२४ च्या एप्रिलमधे माँट्रिअलसाठी दोन सामने, आणि पुढच्या सीझनला ६६ पॉइंट्स, त्यातले ६० असिस्ट, रुकी डिफेन्समनच्या लॅरी मर्फीच्या जुन्या विक्रमाशी बरोबरी. अंगाचा मुद्दा तिथेच निकालात निघाला असं मी मानतो, निदान ज्याला मार चुकवता येतो त्याच्यापुरता.

रिंकवरची_आई

मी सहसा वाचतेच फक्त, पण इथे लिहावंसं वाटलं.

माझा मुलगा डिफेन्स खेळायचा, कॅनडात. सोळाव्या वर्षी घर सोडून दुसऱ्या गावात बिलेट फॅमिलीकडे (खेळाडूंना घरी ठेवून घेणारं कुटुंब) राहायला गेला, ज्युनिअरसाठी. त्याला एक वर्ष आधीच वरच्या टीमनं उचललं होतं, आम्हाला काय आनंद झाला होता, सगळ्या नातेवाइकांना फोन केले मी. तिथे त्याला सामन्याला सहा-सात मिनिटं खेळवायचे, आणि एक चूक झाली की उरलेला पिरिअड बेंचवर. कोणत्या टीमचं ते लिहीत नाही, त्याला आता बरीच वर्षं झाली.

मला हॉकीतलं तांत्रिक काही कळत नाही, पण आईला मुलाची चाल कळते. आधी तो पक घेऊन मान वर करून बघायचा, कोणाला द्यायचा ते शोधायचा, कधीकधी चुकीच्या माणसाला द्यायचा आणि मग स्वतःवरच हसायचा. त्या वर्षात डिसेंबरपर्यंत असं झालं की पक त्याच्याकडे आला रे आला की तो काचेवर जोरात मारून मोकळा. तिसरी_जोडी यांनी वर तेच लिहिलंय ते वाचून एकदम ते दिवस आठवले. कोच खूश होते, म्हणायचे आता चुका कमी झाल्या. चुका कमी झाल्याच होत्या, कारण तो काही करतच नव्हता. पुढच्या वर्षी खालच्या टीमला परत गेला, तिथे वीस-बावीस मिनिटं मिळायची, पण ते मान वर करून बघणं पूर्ण परत यायला दोन वर्षं गेली. आता तो हॉकी मजेसाठी खेळतो, नोकरी करतो, छान आहे. तक्रार नाही. फक्त एवढंच सांगायचं होतं की 'वर गेला तर लवकर शिकेल' हे वाक्य मी खूपदा ऐकलंय, आणि सहा मिनिटांत कोणी काय शिकतं ते मला अजून कळलेलं नाही.

तिसरी_जोडी

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या अख्ख्या पोस्टपेक्षा तुमचं 'चुका कमी झाल्या कारण तो काही करतच नव्हता' हे जास्त कामाचं आहे.

निळी_रेघ

खरंच आभार ताई. माझा प्रश्नच चुकला होता असं वाटायला लागलंय. 'तयार आहे का' यापेक्षा 'कशाला तयार आहे आणि तिथे त्याला किती मिनिटं मिळणार' असं विचारायला हवं होतं.

पकपुराण

त्यावरून आठवलं. निळी_रेघ, तुमच्या टीममधे डाव्या हाताचे डी किती आहेत ते मोजलंत का? मी मोजले. पहिल्या दोन जोड्यांत दोघं डावे पक्के बसलेत, वर एक तिसरा आहे. तुमचा पोरगाही डावाच. म्हणजे उतरवला तर बहुधा उजव्या बाजूला, तिसऱ्या जोडीत. उलट्या बाजूला खेळताना बोर्डावरून वळत येणारा पक बॅकहँडवर घ्यावा लागतो, ब्लू लाईनवर तो आत ठेवणं अवघड जातं, आणि कोपऱ्यातून वळताना सगळंच उलटं. ज्याला ती सवय नाही त्याला पहिल्या आठवड्यात तिथे टाकायचं आणि मग म्हणायचं बघा, तयार नव्हता!

शिट्टीवाला

मी लाइन्समन म्हणून कॉलेजचे आणि काही खालच्या प्रो लीगचे सामने केलेत, तर बर्फावरून जे ऐकू येतं ते सांगतो, टीव्हीवर ते येत नाही. मुलांच्या सामन्यात बर्फ शांत असतो. प्रो सामन्यात अखंड बडबड चाललेली असते. पक आणायला जाणाऱ्याला जोडीदार ओरडून सांगतो, 'व्हील' म्हणजे नेटमागून घेऊन पळ, 'रिव्हर्स' म्हणजे उलट माझ्याकडे सोड, 'ओव्हर' म्हणजे पलीकडच्या जोडीदाराला, 'रिम' म्हणजे बोर्डावरून फिरव. गोलीपण ओरडतो. जो पोरगा जोडीदार पक आणायला गेला की तोंड मिटून नेटसमोर उभा राहतो, तो कितीही स्केटिंग करू दे, त्याच्या जोडीदाराला विचारा तयार आहे का. स्टेडियममधे खाली काचेजवळ बसलात तर ऐकू येतं हे.

दुसरं, नेटसमोरचं. कॉलेजात तोंडावर पूर्ण जाळी असते आणि मारामारी केली की थेट बाहेर, त्यामुळे पोरं अंगानं भिडतात पण बिनधास्त. प्रो मधे तीस वर्षांचा बाप माणूस तुमच्या काठीवर काठी ठेवून नुसता टेकून उभा राहतो, ढकलत पण नाही, आणि रिबाउंड आला की तुमची काठी वर. ताकद कमी पडते असं लोक म्हणतात, मला बऱ्याचदा ती वेळेची चूक वाटते.

नवखा_प्रेक्षक

पण मग अठराव्या वर्षी येऊन चालणारे कसे चालतात? २०२५ ला मॅथ्यू शेफर आलाय ना न्यूयॉर्क आयलंडर्सला.

आकडेमोड

तो तर आणखीच अजब, ड्राफ्टच्या वर्षी कॉलरबोन मोडून फक्त १७ ज्युनिअर सामने खेळलेला, तरी पहिला नंबर आणि थेट एनएचएल. डालीन, एकब्लाड, डाउटी, असे अधूनमधून निघतात. एकब्लाडनं तर अठराव्या वर्षी येऊन पहिल्याच सीझनला काल्डर घेतली. या लोकांवरून नियम काढणं म्हणजे लॉटरी लागलेल्याकडून गुंतवणूक शिकणं.

तरी हेडमनचं लक्षात ठेवा, २००९ चा दुसरा नंबर, अठराव्या वर्षी टँपात आला, ७४ सामन्यांत २० पॉइंट्स, दोन-तीन वर्षं लोक म्हणत होते निवड चुकली. नॉरिस २०१८ ला मिळाली. डिफेन्समन कळायला दोनशे-तीनशे सामने लागतात असं म्हणतात, ते उगीच नाही. प्रश्न ते सामने कुठे खर्च करायचे याचा आहे.

पकपुराण

आणि शेनबद्दल मी वर जरा एकांगी लिहिलं, ते दुरुस्त करतो. एएचएलमधून परत येऊन तो २०२० आणि २०२१ असे दोन कप टँपाबरोबर जिंकला आणि हजारावर सामने खेळला. त्याला वाया गेला म्हणणाऱ्यानं आधी हजार सामने खेळून दाखवावे. फक्त तो जो झाला, मजबूत तिसऱ्या जोडीचा डी, तो पाचव्या नंबरला अपेक्षित होता तो नव्हे. थांबवला असता तर वेगळा झाला असता का, हे कोणीच सांगू शकत नाही, आणि फोरमवर भांडायला म्हणूनच मजा येते.

निळी_रेघ

शनिवारचा रिपोर्ट. वही घेऊन बसलो, बायको म्हणाली अभ्यासाच्या वयात एवढा केला असतास तर.

चांगलं आधी. पक आणायला जाताना पहिलं बघणं जवळजवळ प्रत्येक वेळी. खांद्याची हुलकावणी सुंदर, दोनदा तर फोरचेकर बोर्डाला धडकून बसला. ब्लू लाईनवर गॅप मस्त, दुसऱ्या पिरिअडपर्यंत एकालाही आरामात आत येऊ दिलं नाही.

आता बाकीचं. दुसरं बघणं साधारण निम्म्या वेळाच. जेव्हा बघितलं नाही तेव्हाही चार-पाच वेळा निभावलं, पायांच्या जोरावर, तिसरी_जोडी यांनी लिहिलं होतं अगदी तसंच. तिसऱ्या पिरिअडला गॅप सुटायला लागला, आकडेमोड यांना नमस्कार. एका गोलची आघाडी असताना शेवटच्या दीड मिनिटात बेंचवर होता! हे मला आजपर्यंत कधी दिसलंच नव्हतं कारण मी त्या वेळी घड्याळ बघत असतो. बडबड करतो का ते टीव्हीवर कळलं नाही, पण जोडीदार, जो सीनिअर आहे, तो सतत हात करून काहीतरी सांगत होता. हा नव्हता सांगत.

म्हणजे एनएचएल आत्ता नको असं माझं मत झालंय. पण कॉलेजात अजून एक वर्ष राहून दुसरं बघणं शिकेल का? तिथे न बघता निभावतंय की त्याचं.

तिसरी_जोडी

बरोब्बर. न बघता निभावतंय तोवर तो बघायला शिकणार नाही. मधली पायरी त्यासाठीच.

पकपुराण

तिसरा रस्ता आहे ना, तो कोणी लिहिलाच नाही अजून. कॉलेज संपल्यावर एएचएलच्या टीमबरोबर अमॅच्युअर ट्रायआउट (तात्पुरता करार) करायचं, एनएचएल काँट्रॅक्ट पुढच्या सीझनपासून. वर्ष जळत नाही, आणि एप्रिल-मेमधे मोठ्या माणसांत रोज अठरा-वीस मिनिटं मिळतात. झॅक वेरेन्स्की २०१६ मधे मिशिगनमधून निघून लेक इरी मॉन्स्टर्सकडे गेला, त्यांच्याबरोबर एएचएलचा काल्डर कप जिंकला आणि पुढच्या सीझनला कोलंबसमधे ४७ पॉइंट्स. चार्ली मॅकअ‍ॅव्हॉय २०१७ ला प्रॉव्हिडन्सला असाच गेला होता, चार सामने झाले तेवढ्यात बॉस्टनचे डिफेन्समन एकामागून एक जखमी, मग थेट प्लेऑफमधे ओटावाविरुद्ध, सामन्याला २६ मिनिटांच्या आसपास. आगीत ढकललाच तो, पण निदान चार दिवस धुरात उभं करून.

एजंटला हा रस्ता आवडत नाही, कारण वर उघड आहे.

गोठलेला_बाजीराव

माझं म्हणणं अजूनही वाघ. पण ठीक आहे, चार सामने मंजूर.

निळी_रेघ

धागा वर काढतोय. कॉलेजची टीम प्लेऑफमधून बाहेर पडली आणि चार दिवसांनी बातमी आली, एएचएलला ट्रायआउट, एनएचएल काँट्रॅक्ट पुढच्या सीझनपासून. पकपुराण, तुमचा फोन टॅप होतोय बहुतेक.

काल पहिला सामना झाला. डाव्याच बाजूला, दुसऱ्या जोडीत, जोडीदार चौतीस वर्षांचा. पहिल्याच शिफ्टला पक कोपऱ्यात आला, एकदा बघितलं, दुसऱ्यांदा नाही, आणि फोरचेकरनं असा काही बोर्डाला चिकटवला की मी इथे सोफ्यावर डोळे मिटले. पक गेला, शॉट झाला, गोलीनं वाचवलं. पुढच्या दोन शिफ्ट नुसती काचेवर. ताई, मला तुमची आठवण झाली.

पण कोचनं त्याला बसवला नाही. दुसऱ्या पिरिअडला परत तसाच पक, परत तोच फोरचेकर, आणि यानं दोनदा मान वळवली, मी मोजली, दोनदा, आणि मग म्हाताऱ्याकडे रिव्हर्स सोडला. म्हातारा तिथे नव्हताच, तो ओव्हरसाठी पलीकडे गेला होता. पक थेट समोरच्याच्या काठीवर.

एकूण एकोणीस मिनिटं खेळला. गुरुवारी पुढचा सामना आहे.

शिट्टीवाला

म्हातारा ओव्हर ओरडला असणार. गुरुवारी काचेजवळ कोणी बसणार असेल तर कान देऊन ऐका.